बूट उतरणीवर पारखावा: लांब पल्ल्याच्या ट्रेकसाठी मापाचे बूट कसे निवडावेत

राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून मोहरीमार्गे रायगड हा ट्रेक मी पहिल्यांदा केला तेव्हा माझे बूट नवे होते आणि पायात अगदी चपखल बसत होते. एका रविवारी सकाळी दुकानात जाऊन, आठ नंबर मागून, स्टुलावर बसल्या बसल्याच पायात घालून मी ते पसंत केले होते. पहिले दोन दिवस त्यांनी काही त्रास दिला नाही. तिसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेत, म्हणजे घाटमाथ्यावरून खाली उतरणाऱ्या दगडी घळीत, उतरायला लागल्यावर मात्र दगडागणिक पायाचा अंगठा बुटाच्या नाकावर आदळू लागला. लिंगाण्याच्या पायथ्याच्या पाने गावात पोहोचून बूट काढले, तेव्हा दोन्ही अंगठ्यांच्या नखांखाली रक्त साकळून ती जांभळी पडली होती. आठवड्याभरात ती काळी झाली आणि काही महिन्यांनी मुळापासून सुटून आली. दुकानदाराचा यात काडीचाही दोष नव्हता, कारण त्याने मी मागितलेलाच नंबर काढून दिला होता. बूट पाहण्याची वेळ, जागा आणि पद्धत या तिन्ही गोष्टी मी चुकवल्या होत्या.

चढताना पाऊल बुटात मागे सरकते आणि टाच बुटाच्या पाठीला टेकून राहते, त्यामुळे लहान बूटही चढणीवर निभावून जातो. उतरताना शरीराचे आणि पाठपिशवीचे सगळे वजन पावलाला पुढे ढकलत असते, आणि घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या नाळेत हा प्रकार सलग दोन-तीन तास चालतो. म्हणून ट्रेकसाठी बूट घेताना तो उतरणीवर कसा वागेल, एवढा एकच प्रश्न मनात धरून सगळी पारख करावी. दुकानाच्या सपाट फरशीवर चार पावले चालून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

नंबर आणि माप

बुटावर छापलेला नंबर हे पावलाचे माप नव्हे. आपल्याकडे बहुधा ब्रिटिश नंबर चालतात. त्यांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय नंबरांत हाच टप्पा सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांशाचा, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटरचा असतो. टप्पेच निराळे असल्याने हे दोन्ही नंबर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि एका कंपनीच्या तक्त्यात ज्याला आठ म्हटले आहे त्याला दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात साडेआठ म्हटलेले आढळते. शिवाय हे नंबर मुख्यतः लांबीचे असतात. चवडा किती रुंद आहे, पावलाची वरची बाजू किती उंच आहे, टाच किती निमुळती आहे, यांतले काहीच त्यांतून कळत नाही. ते सगळे ठरते बूट ज्या साच्यावर बेतला जातो त्या साच्यावरून, ज्याला या धंद्यातली माणसे फरमा म्हणतात. आणि फरमा प्रत्येक कंपनीचा, कधी कधी तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचासुद्धा, वेगळा असतो.

हा मुद्दा आपल्या लोकांना विशेष लागू आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे दिसले, आणि त्याच आधारावर ‘भा’ या नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. आजवर बाजारात मिळालेले बहुतेक बूट परक्या फरम्यावरचे असल्याने आपल्याकडची माणसे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण चवड्याला आवळणारा बूट ‘वापरून सैल होईल’ या आशेवर घेतात. काही जण रुंदी मिळावी म्हणून लांबीने दीड नंबर मोठा बूट घेतात आणि मग टाच आत खुळखुळत राहते. रुंदीची अडचण लांबी वाढवून सुटत नाही. तिच्यासाठी रुंद फरम्याचेच मॉडेल शोधावे लागते. काही कंपन्या रुंद बुटांवर दोन ‘ई’ किंवा चार ‘ई’ अशी खूण छापतात, ती खोक्यावर अवश्य पाहावी.

माप घरीच घेऊन जाणे उत्तम. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवावा, ट्रेकला घालायचे तेच मोजे घालून टाच भिंतीला टेकवावी आणि दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन सरळ उभे राहावे. खुणा दुसऱ्या कोणाकडून करून घ्याव्यात, कारण स्वतः वाकले की भार बदलतो आणि पाऊल आखडते. पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी आणि चवड्याच्या दोन्ही कडांशी खूण करावी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असे गृहीत धरू नये, कारण बऱ्याच जणांचे अंगठ्याशेजारचे बोट त्याच्यापेक्षा पुढे असते आणि अशा लोकांचे दुसऱ्याच बोटाचे नख काळे पडते. दोन्ही पावलांची मापे घ्यावीत; ती सहसा सारखी नसतात, आणि बूट नेहमी मोठ्या पावलाला बसेल असा घ्यावा. लहान पावलाच्या बुटात पातळ इनसोल, म्हणजे तळव्याखालचा सुटा थर, वाढवता येतो, मोठ्या पावलाच्या बुटात जागा काही वाढवता येत नाही. माप घ्यायचे ते संध्याकाळी, आणि शक्य असेल तर तासभर चालून आल्यावर. दिवसभर उभे राहून आणि चालून पाऊल सुजते, आणि पाठीवर दहा-बारा किलो वजन असले की त्याची कमान दबून ते आणखी थोडे लांबते आणि पसरते. माझी रविवार सकाळची खरेदी इथेच फसली होती.

दुकानात

दुकानात जाताना ट्रेकचे मोजे आणि मापाचा कागद बरोबर न्यावा. जमल्यास भरलेली पाठपिशवीही न्यावी. पाठपिशवी घेऊन बुटाच्या दुकानात शिरणे थोडे विचित्र दिसते, पण नाळेत बसून नखांना फुंकर घालत बसण्यापेक्षा ते बरे. पहिले काम म्हणजे बुटातला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्याच्यावर उभे राहावे. टाच त्याच्या खोलगट भागात नीट बसवल्यावर सर्वांत लांब बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या बोटाच्या रुंदीएवढी, जागा शिल्लक राहिली पाहिजे आणि चवड्याचा किंवा करंगळीचा भाग कडेबाहेर उतू जाता कामा नये. बोटे बाहेर डोकावत असतील, तर तो बूट पायात घालून पाहण्याचेही कारण नाही. बुटाचे नाक बाहेरून अंगठ्याने दाबून पाहण्याची आपल्या घरोघरची रीत ट्रेकिंगच्या बुटाला उपयोगाची नाही, कारण त्याचे नाक ठेच लागू नये म्हणून टणकच केलेले असते आणि आत बोट कुठे आहे ते बाहेरून कळत नाही.

इनसोल परत घालून, नाड्या न बांधता पाय पुढे सरकवावा, इतका की बोटे नाकाला टेकतील. या अवस्थेत टाचेमागे हाताची तर्जनी सहज शिरली पाहिजे. दोन बोटे शिरत असतील तर बूट मोठा आहे, एकही शिरत नसेल तर लहान. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून ती पाठीला टेकवावी आणि खालून वर एकेक घर ओढत नाड्या आवळाव्यात. आता वरून पाहिल्यावर नाड्यांच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या रांगा एकमेकींना साधारण समांतर दिसायला हव्यात. त्या जवळजवळ एकमेकींना भिडल्या असतील तर बुटात पावलाच्या मानाने पोकळी जास्त आहे. चवड्याशी त्या फाकल्या असतील तर चवडा आवळला जात आहे. बोटे आत पसरवता आणि वर-खाली हलवता आली पाहिजेत. मधले पाऊल मात्र हस्तांदोलन करताना हात धरावा तसे धरलेले असावे.

यानंतरची पायरी शब्दशः पायरीच आहे. काही मोठ्या दुकानांत उताराची लाकडी फळी ठेवलेली असते. ती नसेल तर इमारतीचा जिना वापरायला परवानगी मागावी. पाठपिशवी चढवून दोन मजले जिना उतरावा, तोही थोडा धसमुसळेपणाने, पाऊल जोराने टाकत. जिन्यात पाऊल सपाट पडते, म्हणून एवढ्यावर न थांबता जिथे वाहने चढवायला उतार केलेला असतो तिथे जाऊन उताराकडे तोंड करून उभे राहावे आणि जागच्या जागी पाय आपटावेत. बोटे नाकाला लागली, अगदी हलकीशी जरी लागली, तरी तो बूट सोडून द्यावा. ‘जरासेच लागते’ हे वाक्य दुकानात बिनमहत्त्वाचे वाटते, पण एका नाळेत तेच ‘जरासे’ काही हजार वेळा लागणार असते. उलट चढताना टाच किती उचलली जाते तेही पाहावे. कागदाच्या दोन-चार घड्यांइतकी ती हलली तर चालते. स्पष्टपणे वर येऊन परत आपटत असेल तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येणार हे धरून चालावे.

एकाच नंबराचे दोन-तीन वेगवेगळे बूट आणि एकाच मॉडेलचे दोन लागोपाठचे नंबर असे दोन्ही घालून पाहावेत. एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरा नंबर घालून वीस मिनिटे दुकानात फिरल्यावर फरक आपोआप बोलू लागतो. विक्रेता कंटाळेल, पण विकत घेऊन झाल्यावर कंटाळणे आपल्या वाट्याला येते. घरी आणल्यावर बूट दोन-तीन संध्याकाळी घरातल्या स्वच्छ फरशीवरच वापरावेत, बिल आणि खोके जपून ठेवावे, आणि बदलून मिळण्याची मुदत किती आहे हे आधीच विचारून घ्यावे.

कोणत्या वाटेसाठी कोणता बूट

घोट्यापर्यंतचा बूट घ्यावा की आखूड, यावर ट्रेकर मंडळींमध्ये रात्र रात्र वाद चालतात. माझे मत असे की सह्याद्रीत दहा-बारा किलोपर्यंतचे ओझे घेऊन चालणाऱ्या निरोगी घोट्याच्या माणसाला चांगली पकड असलेला आखूड बूट पुरतो, आणि पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवत असल्याने हलका बूट दिवसाच्या शेवटी स्वतःची किंमत वसूल करून देतो. घोट्यापर्यंतच्या बुटाचा इथे खरा फायदा म्हणजे घसाऱ्यावरचा मुरूम आणि गवताची कुसळे आत जात नाहीत. हिमालयात बर्फातून किंवा हिमनदीच्या दगडगोट्यांतून जड पाठपिशवी घेऊन जायचे असेल तर उंच, कडक तळाचा बूटच घ्यावा. अशा बुटाची वरची कड घोट्याच्या हाडाला घासते का, हे जिना उतरतानाच कळते.

तळ पाहताना खाचा किती खोल आहेत याच्याकडेच सगळ्यांचे लक्ष जाते. खोल खाचा चिखलात आणि घसाऱ्यावर उपयोगी पडतात, पण ओल्या काळ्या कातळावर पकड मिळते ती रबर मऊ असल्यामुळे. रबरावर नख दाबून पाहावे. ते थोडे दबून पुन्हा वर आले पाहिजे. प्लास्टिकसारखा टणक तळ पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर अक्षरशः साबणासारखा सरकतो. बूट दोन्ही हातांत धरून फडका पिळावा तसा पिळावा, आणि मग नाक वर दाबून वाकवावा. पिळताना तो बऱ्यापैकी ताठ राहिला पाहिजे आणि वाकताना चवड्याशीच वाकला पाहिजे. कमानीपाशी मधोमध मोडणारा बूट दगडांवर दिवसभर चालल्यावर तळव्यांना सोलून काढतो.

जलरोधक अस्तराचा मोह आपल्याकडे जपून करावा. हिवाळ्यात दवाने भिजलेल्या गवतातून चालताना ते उपयोगी पडते. जुलैत पन्हाळगडाहून पावनखिंडीकडे निघाल्यावर मात्र पाणी बुटाच्या वरच्या तोंडातून आत शिरते, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही तेच आत आलेले पाणी बाहेर जाऊ देत नाही. पावसाळी वाटेवर जाळीदार कापडाचा, पाणी चटकन निथळणारा बूट आणि रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा वेगळा जोड अधिक सुखाचा. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: ज्या गावकऱ्याला वाट दाखवायला बरोबर घ्यावे, तो साध्या प्लास्टिकच्या बुटात किंवा झिजलेल्या चपलेत आपल्यापुढे भराभर उतरत असतो. त्याच्या पावलांना त्या वाटेची जन्माची सवय असते आणि त्याच्या पाठीवर पाठपिशवी नसते. तेव्हा त्याला पाहून आपल्या बुटांचे निकष बदलू नयेत.

नर्मदा परिक्रमेला पायी जाणारी मराठी माणसे बरीच आहेत, आणि त्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ धरून चालणे किमान २,६०० किलोमीटरांचे होते, आणि त्यातला मोठा भाग शेतवाटांचा, गावरस्त्यांचा आणि डांबरी सडकेचा असतो. इतके सलग चालल्यावर पावले पसरतात, आणि महिन्याभराने तोच बूट अर्धा नंबर लहान झाल्यासारखा वाटू लागतो. अशा चालीसाठी जाड तळाचा ट्रेकिंग बूट घेऊन उपयोग नाही. हलका, हवा खेळणारा, नाकाशी ऐसपैस आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा बूट घ्यावा, आणि तळ झिजल्यावर वाटेत दुसरा जोड घ्यावा लागेल हे खर्चात आधीच धरावे.

मोजे, नाड्या आणि नखे

मोजा हा बुटाच्या मापाचाच भाग आहे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीवर घर्षणाने फोड लवकर येतो. म्हणून लोकरीचे किंवा लोकर आणि कृत्रिम धागा यांच्या मिश्रणाचे मोजे घ्यावेत, आणि ज्यांना बोटांमध्ये फोड येतात त्यांनी आत एक पातळ घट्ट मोजा घालून पाहावा. जाडी बदलली की बुटाचे माप बदलते, त्यामुळे पातळ मोज्यावर घेतलेला बूट जाड मोज्यावर वापरू नये.

नीट मापाच्या बुटालाही नाड्या चुकीच्या बांधल्या तर तो चावतो. चढणीवर घोट्याशी थोडे सैल सोडावे. उतरणीच्या तोंडाशी थांबून, टाच मागे आपटून, नाड्या नव्याने बांधाव्यात: चवड्यावर सैल, आणि जिथे पाऊल वळून पोटरीकडे जाते तिथे घट्ट. दोन्ही भागांचा ताण वेगळा राहावा म्हणून त्या वळणावर नाडीला एकाऐवजी दोन वेढे देऊन गाठ आवळली की खालचा सैलपणा खालीच राहतो. पावलाच्या वरच्या हाडावर नाडी टोचत असेल तर त्या एका घरात नाड्यांची फुली न टाकता त्या सरळ वरच्या भोकात न्याव्यात. ट्रेकला निघण्याच्या आदल्या रात्री नखे कापू नयेत. तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापावीत, म्हणजे कोपरे रुतत नाहीत.

कातडी बूट पायाला सरावायला तीन-चार आठवडे लागतात, कापडी बुटाला दोन-चार फेऱ्या पुरतात. पर्वती, सिंहगड किंवा जवळची कोणतीही टेकडी यासाठी चांगली, मात्र पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून जावे. चालताना एखाद्या जागी चटका बसल्यासारखे वाटले तर शिखर गाठेपर्यंत थांबू नये; तिथल्या तिथे बूट काढून त्या जागेवर चिकटपट्टी लावावी.

जुन्या बुटांविषयी एक सावधगिरी. बऱ्याच बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि आपल्या दमट हवेत तो वापर नसला तरी आतून कुजत जातो. माळ्यावर चार वर्षे खोक्यात ठेवलेले, बाहेरून नवेकोरे दिसणारे बूट ट्रेकच्या पहिल्याच दिवशी सोल सोडतात. मग सुतळीने बांधून, फटक् फटक् करत चालणारा कोणी ना कोणी प्रत्येक गडावर भेटतोच. निघण्याच्या आठवडाभर आधी असे बूट काढून मधल्या थरावर बाजूने नख दाबावे. तो भुगा होत असेल, चिकट लागत असेल किंवा त्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर ते बूट नेऊ नयेत.

नव्या बुटांचा पहिला दोन दिवसांचा ट्रेक झाला की इनसोल बाहेर काढून उजेडात धरावा. घामाने आणि धुळीने त्याच्यावर बोटांचे काळपट ठसे उमटलेले असतात. ठसे कडेच्या बरेच अलीकडे असतील तर माप बरोबर बसले. अंगठ्याचा ठसा अगदी कडेला टेकला असेल किंवा कडेवर अर्धाच उमटला असेल, तर ते बूट रोजच्या फिरण्याला ठेवावेत आणि बोराट्याच्या नाळेसाठी अर्धा नंबर मोठे पाहावेत.